मावळतीचा उतार

आमच्या आत्याला कुणी पाणी दिलं की ती आधी पेला उजेडाकडे धरून बघायची आणि मगच ओठाला लावायची. पेला स्टीलचा असला तर आत डोकावून तळ निरखायची. समोर तलाठी असो की नवी व्याहीण, तिला फरक पडायचा नाही. माझ्या लग्नाच्या बोलणीला आम्ही पेणला गेलो, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी दिलेली सीलबंद बाटलीसुद्धा तिने खिडकीकडे धरली. सासूबाईंचा चेहरा उतरला आणि माझा जीव टांगणीला लागला. आत्याने शांतपणे दोन घोट घेतले आणि म्हणाली, "पानी चांगला हाय. पोर द्याला हरकत न्हाय." गावात तिला मागून 'इन्स्पेक्टरीण' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ही सवय तिला जन्मापासून नव्हती. आमचं तळं लाल झालं, तेव्हापासून लागली.

आमचं गाव अलिबागहून रेवसला जाताना थोडं आत आहे. दोन डोंगरउतारांच्या मध्ये मातीचा बांध घालून पाणी अडवलंय. सरकारदरबारी ते धरण, गावाच्या तोंडी तळं. त्यात दोन ओहोळ उतरतात, एक उगवतीच्या उतारावरून आणि एक मावळतीच्या. नळाला पाणी तिथलंच. हे दोन्ही उतार आमच्या आजोबांचे, म्हणजे त्यांच्यामागे बाबांचे आणि आत्याचे. आत्या मोठी, बाबा तिच्या पाठचे. तिला गावातच दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बांधाच्या टोकाला तिचं घर होतं आणि तिचा अर्धा दिवस आमच्याकडे जायचा.

आमच्याकडे खाचर म्हणजे जमीन आणि वरकस म्हणजे नुसती जागा. भाताचं खाचर विकणारा करंटा, पण डोंगरउताराची वरकस विकणारा हुशार. तिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची. पुढे ती कष्टाची शेती सुटली आणि राहिलं गवत, करवंदीच्या जाळ्या, ऐनाची झाडं. बंगले बांधायला मुंबईची माणसं हे गवत मागू लागली, तेव्हा अख्खा गाव गालात हसला. बाबाही हसले. उगवतीच्या बाजूला रस्ता होता, म्हणून आधी तो उतार विकायचा ठरलं. त्याला आत्याची सही लागत होती. भाऊबीजेला बाबांनी ओवाळणीत तिला मोरपंखी साडी घातली आणि जेवणं झाल्यावर कागद पुढे केला. आमच्याकडच्या बहिणी अशाच सह्या करतात, माहेर तुटू नये म्हणून. आत्याने विडा चघळत सही ठोकली. "गवतच तं हाय," म्हणाली.

मग जेसीबी आले. उताराला पायऱ्या पाडाव्यात तसे प्लॉट पाडले, झाडं गेली, गवत खरवडून निघालं. पुढच्या आषाढात उगवतीचा ओहोळ लालभडक होऊन आला. नळ खोकल्यासारखे गुरगुरले आणि हंड्यात तांबडं पाणी पडलं. धुतलेल्या चादरी विटकरी झाल्या. आत्या ज्या दगडावर उभी राहून धुणं धुवायची, तिथे गुडघाभर पाणी असायचं. काही पावसाळ्यांत तिथे घोटाभर चिखल उरला. "बसंल गाल," असं बाबा म्हणायचे. बसलाच तो गाळ. तळाशी बसला आणि दरवर्षी पाण्याची जागा खात वर येत राहिला. पाऊस तेवढाच पडे, तळं भरून सांडवाही वाहे, पण चैत्र लागला की गावात टँकर येई. भरलेलं दिसणारं तळं आतून चिखलानेच भरलेलं होतं, हे कळायला गावाला वेळ लागला.

तोवर आम्ही आणखी एक शहाणपणा केला. वैशाखात पाणी ओसरलं की तळ्यातला गाळ काढून खाचरात टाकायची आमच्या गावाची रीत. जुना गाळ काळाभोर, लोण्यासारखा, त्याच्यासाठी भांडणं व्हायची. पहिली पाटी घरच्या लेकीने भरायची. त्या साली उगवतीच्या काठाला गाळाचे ढीग आयतेच लागले होते. बाबा खूश. आत्याने पहिली पाटी भरली, बाबांनी भाताची रोपं करायच्या वाफ्यात तीच माती पसरली. पावसाची एक उघडीप झाली आणि वाफा खळ्यासारखा टणक झाला. रोपं पिवळी पडून बसली. आत्या वाफ्यात उकिडवी बसली, माती चिमटीत घेऊन चुरडत राहिली आणि बाबांना म्हणाली, "पांडू, हा गाल न्हाय रं. ही डोंगराची साल हाय. आपुन सोलला त्याला."  त्या दिवसापासून तिचा पेला उजेडाकडे जाऊ लागला.

आणि मग मावळतीच्या उताराला गिऱ्हाईक आलं. त्याच्या माथ्यावरून समुद्र दिसतो. दलाल रोज आमच्या ओट्यावर येऊन चहा ढोसायचा आणि त्या समुद्राचं असं वर्णन करायचा, की जणू आम्ही तो कधी पाहिलाच नव्हता. माझा भाऊ संदेश याला रस्त्यालगत लॉज काढायचं होतं. बाबांनी शब्द देऊन टाकला आणि आत्या अडून बसली.

"एक सही केलीस ना बाय? मंग दुसरी कराला काय झाला?" बाबा म्हणाले.

"एक केली म्हनूनच दुसरी न्हाय."

"गावात आपलाच उतार राह्यलाय का? सगली विकतान."

"तलं सगल्यांचा हाय. उतार माजा हाय."

दिवाळी येईपर्यंत घरातलं बोलणं भांड्यांच्या आवाजावर आलं होतं. भाऊबीजेला आईने पाट मांडला, रांगोळी काढली. आत्या निरांजन पेटवून उभी राहिली. बाबा पाटावर बसेनात. पाटाशेजारी उभे राहूनच म्हणाले, "आधी सही. मंग ओवाल." आई "अवो, सनाचा दिस हाय" म्हणत मध्ये पडली, तर तिच्यावरच खेकसले. दारात दलाल उभा होता, त्याला तरी लाज वाटावी, पण नाही.

आत्याने एकदा पाटाकडे बघितलं आणि ताट घेऊन अंगणात गेली. दिवस नुकताच मावळला होता. जिला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बीजेची कोर मावळतीच्या उतारावर टेकली होती. आत्याने डोक्यावर पदर घेतला आणि पाठचा भाऊ जिवंत, घरात उभा असताना तिने चंद्राला ओवाळलं. ओट्याओट्यांवर बायका थिजून बघत होत्या. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने ताट तुळशीपाशी ठेवलं आणि चालू लागली. मला तिचा भयंकर राग आला, बाबांचा त्याहून आला, आणि मी रडत बसले.

त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. बाबा बांधावरून जायचे ते मान वळवून. गावानेही आत्यालाच नावं ठेवली, भावाच्या वाईटावर असलेली बाई म्हणून.  ती रोज उतारावर चढायची, फिरून यायची. तळ्याचे आता सरळ दोन भाग दिसत होते. उगवतीच्या अर्ध्यात म्हशी पोटसुद्धा न भिजवता चालत जायच्या. मावळतीचं पाणी मात्र अजून खोल, हिरवं होतं. शेवटी नळयोजनेची गाळाने बुजलेली विहीर सोडून नवी विहीर मावळतीच्या काठाला घ्यावी लागली. गाव तिला शिव्या देत तिच्याच बाजूचं पाणी पिऊ लागला.

मग एका फाल्गुनात, भर दुपारी, तो उतार पेटला. कुणी पेटवला ते आजही माहीत नाही. संशय ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावर प्रत्येकाने घेतला, आणि आत्याने कुणावर घेतला असेल ते सांगायला नको. मी माहेरी आले होते. धूर दिसला तशी धावले. आत्या एकटीच हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत होती, पदर खोचलेला, तोंड काळंठिक्कर. वारा माथ्याकडे होता आणि आग तिच्या पुढे पळत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी मला ढकलून पुढे गेलं. ते बाबा होते. त्यांच्या हातात ऐनाची फांदी होती. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, क्षणभर तिची डहाळी हवेत थांबली, आणि मला वाटलं, आता ती डहाळी त्यांच्यावरच उगारणार. पण ती बाजूला सरकली आणि त्यांना जागा दिली. मग गावही आला. अर्धा उतार जळाला, पण मुळं राहिली.

विझल्यावर दोघं करवंदीपाशी बसले. मी कळशीतून पेला भरून आत्याला दिला. भाजलेल्या हाताने तिने तो उजेडाकडे धरला, नीट बघितला आणि बाबांच्या पुढे केला. बाबांनी तो एका दमात संपवला.  सहीचा विषय बाबांनी मरेपर्यंत पुन्हा काढला नाही, आणि पुढच्या भाऊबीजेला न सांगता पाटावर जाऊन बसले.

बाबा आधी गेले, मागोमाग आत्या. मला ती अजून हवी होती. अजूनही कुणाकडे पाणी पिताना माझा हात वर जातो, आणि ती आठवते.

तिला मूल नव्हतं. उतार आला संदेशच्या आणि माझ्या वाट्याला.

यंदा भाऊबीजेला गेले. पाट मांडलेला होता. संदेश वाईट नाही, बाबाही नव्हते. तो आदबीनेच म्हणाला, "ताई, आत्या होती तवर आपन गप बसलो. आता काय हरकत हाय? गालाचा काय, सरकार काढंल कवातरी." आणि खिशातून कागद काढून पाटावर ठेवला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

 मी आईला म्हटलं, "आई, बाहेर बघ गो. चंद्र दिसतो का?"

संदेशचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आई आता गुडघ्यांनी थकलीय, तरी भिंतीला धरत अंगणात गेली. आम्ही सगळे आत वाट बघत राहिलो. मग तिचा आवाज आला, अगदी खणखणीत, "दिसतो गो! उतारावरच हाय!"

संदेशने कागद उचलला, घडी करून खिशात घातला आणि खाली मान घालून पाटावर बसला. मी त्याला ओवाळलं. पुढच्या वर्षी तो कागद परत निघेल, हे मला ठाऊक आहे. निघू दे. चंद्र काही कुठे जात नाही.