मामाजींचा सुलट कारभार

या जगातली एकही वस्तू उलटी न फिरवता माणसाला आयुष्य काढता येतं की नाही, हे पाहण्यासाठीच देवाने आमच्या मामेसासऱ्यांना यवतमाळात धाडलं असावं. सव्य म्हणजे सुलट, घड्याळाच्या काट्यांच्या चालीनं. अपसव्य म्हणजे उलट, आणि ते श्राद्धपक्षापुरतं. हा भेद पुष्कळांना ठाऊक असतो, पण तो लोणच्याच्या बरणीला लावणारा माणूस मी एकच पाहिला. फिरकीचं झाकण उघडायला उलटं फिरवावं लागतं, म्हणून मामाजी बरणी घेऊन शेजाऱ्यांकडे जात. शेजारी झाकण काढून देत. लावण्याचं काम मात्र मामाजी स्वतः करत, आणि ते इतकं घट्ट लावत की पुढच्या खेपेला शेजाऱ्यांना बायकोची मदत घ्यावी लागे. फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळलं की समोर कचेरी होती. मामाजी उजवीकडे वळत आणि अख्ख्या मोहल्ल्याला वेढा घालून तिथं पोचत. साहेबांनी एकदा उशीर का होतो म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "साहेब, निघतो मी टाइमावरच. प्रदक्षिणेले वेळ लागते."

अशा माणसानं मोटार घ्यावी, ही म्हणजे कमालच होती. गावातल्या एका कापसाच्या जिनिंगचा म्यानेजर बदलून गेला आणि जाताना आपली म्हातारी गाडी मामाजींच्या गळ्यात मारून गेला. डावीकडच्या वळणांचं काय करता, असं मी खोचकपणे विचारलं. "जवाईबापू," मामाजी म्हणाले, "वळते तो रस्ता. आपण फक्त त्याच्यावर बसून राह्यलो." गाडीची देखभाल ते स्वतःच करत, म्हणजे पाना घेऊन सगळे बोल्ट सुलट पिळत. सैल करणं त्यांच्या शास्त्रात नव्हतं. त्यामुळे ती गाडी दिवसेंदिवस घट्ट होत गेली.

मामी मी पाहिल्या नाहीत. सुमन, म्हणजे मामाजींची एकुलती लेक, जन्मली त्याच वेळी त्या गेल्या. मामाजींनी जानवं उजव्या खांद्यावर घेऊन त्यांचं सगळं केलं, आणि यापुढे अपसव्य वर्षातून श्राद्धाच्या एका दिवसापुरतंच, एरवी काही उलटं नको, असं बहिणीला सांगून टाकलं. या बहिणीनं, म्हणजे सुमनच्या आत्याबाईंनी, तिला वाढवलं. सन एकसष्ट-बासष्टच्या सुमारास बाभुळगावला दिलेल्या या सुमनला दिवस राहिले, आणि मामाजींचा कारभार फारच कडक झाला. आता घरचं काही दुसऱ्यांनीही, अगदी शेजाऱ्यांनीही, उलटं फिरवायचं नाही. आत्याबाई बिचाऱ्या लोणच्याविना जेवू लागल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, आपल्या डोळ्यांसमोर व्हावं, हा मामाजींचा एकच ध्यास होता. विहीणबाईंनी निरोप पाठवला, "एसटीच्या हादऱ्यात पोरीले धाडत नाही. आठवा लागायच्या आत गाडी घेऊन या, नाही तर बाळंतपण इथंच." सातवा सरत आला होता.

मी तेव्हा सुट्टीला मामाजींकडेच होतो. निघायच्या आदल्या सकाळी गाडीच्या पाण्याच्या पंपातून थेंब गळताना दिसला. मामाजींनी पाना घेऊन पंपाचा बोल्ट आवळला. थेंब थांबेना. त्यांनी आणखी आवळला. कट् असा आवाज झाला, बोल्टाचं डोकं त्यांच्या हातात आलं आणि बाकीचा बोल्ट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये राहिला.

कादरमिस्त्री आले. मामाजी पोहे आणायला आत गेले, तोवर त्यांनी न विचारताच बॉनेट उतरवून भिंतीला टेकवलं, रेडिएटर आणि पंप काढला आणि ब्लॉकच्या तोंडाशी वाकून पाहिलं. मी मदतीला पुढे झालो, पण जावयानं हात काळे करायचे नसतात, असं म्हणून मामाजींनी मला गाडीत स्टिअरिंगमागे बसवलं आणि हातात पोह्यांची बशी दिली.

"भोक पाडून काढा लागते," मिस्त्री म्हणाले. "मंग उलटा घुमवायचा."

"उलटा नाही," मामाजी म्हणाले. "सुलटच फिरवत फिरवत पलीकडून काढा."

"पलीकडे इंजिनाची भिंत आहे साहेब."

"दुसरा उपाय?"

"आहे ना. बैलाची दमणी जुंपा."

 मामाजींचा चेहरा इतका उतरला की माझं हसू मावळलं. या माणसाला खरंच भीती वाटत होती. मिस्त्री मात्र पाना हवेत फिरवत त्यांना समजावू लागले, "असा, असा घुमवायचा, एवढंच तं आहे." मी स्टिअरिंगमागून पाहत होतो, आणि मला दिसलं की समोर उभ्या मिस्त्रींचा उलटा जाणारा पाना माझ्या बाजूनं चक्क सुलट फिरतोय. मी मामाजींना हाक मारली आणि माझ्या जागी बसवलं. त्यांनी मिस्त्रींना पुन्हा पुन्हा पाना फिरवायला लावला.

"जवाईबापू, या कामाचा कर्ता कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही. गाडी तुमची, लेक तुमची."

"आणि मिस्त्री?"

"ते नुसते हात."

"मंग कर्त्याच्या जागेवरून दिसते तेच खरं," मामाजी म्हणाले, आणि हात जोडून बसले.

मिस्त्रींनी तुटक्या बोल्टाभोवती रॉकेल सोडलं, हातड्रिलनं मधोमध भोक पाडलं, जुन्या कानशीचं चौकोनी घासलेलं शेपूट त्यात ठोकलं आणि पान्यात धरून हळूहळू फिरवलं. आतून मामाजी प्रत्येक पिळाला "सव्य, सव्य" म्हणत होते. कुरकुरत बोल्ट निघाला. गळणाऱ्या पंपाला मिस्त्रींनी नवं पॅकिंग घातलं. नवा बोल्ट लावायला मामाजी लगबगीनं उतरले, तेव्हा मिस्त्रींनी पाना पाठीमागे लपवला. "साहेब, या बारीले सुलट काम बी माह्याकडंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही सुमनला घेऊन बाभुळगावहून निघालो. ती मागे उशांच्या राशीत बसली होती, मी पुढे. मामाजी गाडी अशी चालवत होते की मागून आलेली बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली, आणि गाडीवानानं वळून विचारलं, "बंद पडली काय जी?"

"चालून राह्यली," मामाजी म्हणाले.

मला हसू आवरेना. सुमनही हसली. "बाबा, जरा जोरात घ्या ना. अंधार पडंन."

"पडू दे, बाई," मामाजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "तुह्या आईले दवाखान्यात नेलं, तवा टांगेवाल्याले मी सारखा म्हणत होतो, जल्दी चल, जल्दी चल. ती म्हणे, हळू घ्या, मले सोसत नाही. मी ऐकलं नाही."

 सुमननं मागून हात पुढे करून बाबांच्या खांद्यावर ठेवला, आणि यवतमाळचे दिवे दिसेपर्यंत तो तिथंच होता.