मार्लीसचा पेला

एड ह्रूस्का घरच्या गॅरेजात, भंगारातून, धातू कातायचं लेथ यंत्र बनवतोय हे अमेरिकेतल्या सीडर रॅपिड्सच्या त्या गल्लीत आधी कुणाला खरंच वाटेना. ओटमीलच्या कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. त्याला एक यंत्र स्वतःचं हवं होतं, आणि विकतचं नको होतं. एका बादलीला आतून माती थापून त्याने भट्टी केली, बायकोचा जुना व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून भाता केला, आणि मोडक्या इंजिनांचे ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवून वाळूच्या साच्यांत एकेक भाग ओतला. नुसता पाया सपाट करायला अख्खा हिवाळा गेला. काचेला निळा रंग लावायचा, पाया त्यावर घासायचा, जिथे निळं उठेल तेवढंच हाताने खरवडायचं, की पुन्हा पहिल्यापासून. इस्टरपर्यंत त्याची नखं निळीच होती.

ॲल्युमिनियम दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. शेजारचा मिलो स्टोडोला कुंपणावरून ओरडायचा, “लोरेन, भांडी मोजून ठेव गं! हा तुझी किटली ओतून चाक करेल!”

“किटली गेली तर गेली,” लोरेन म्हणायची, “निदान माझा नवरा घरात असतो. तुझा पत्ता तुझ्या बायकोला तरी ठाऊक असतो का रे?”

एक वस्तू मात्र चेष्टेतली नव्हती. त्यांची मुलगी मार्लीस १९५७ साली मेंदूच्या तापाने तीन दिवसांत गेली, चार वर्षांची. तिचा ॲल्युमिनियमचा छोटा पेला होता. दूध पिताना ती काठ चावायची, त्या दातांच्या खुणा काठावर होत्या. मेअखेरीस डेकोरेशन डेला सगळं गाव थडगी सजवायला जाई, तेव्हा लोरेन कॉफीच्या डब्यांत पिओनीची मोठी फुलं भरायची आणि या पेल्यात पॅन्सीची फुलं. डबे थडग्यापाशीच राहिले तरी चालायचं, पेला मात्र ती संध्याकाळी घरी आणायची.

१९८१ साली परतताना पाऊस लागला. लोरेनने ओला पेला गॅरेजातल्या बाकावर उपडा घातला आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एड टेलस्टॉक ओतत होता. टेलस्टॉक म्हणजे कामाला मागून आधार देणारा लेथवरचा सरकता ठोकळा, आणि लेथचा तेवढाच भाग व्हायचा राहिला होता. मुशीतला रस थोडा कमी पडणार असं दिसलं. अर्धा भरलेला साचा म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. मुशीवरची नजर न काढता त्याने मागे बाकावर हात घातला, हाताला लागलं ते हलकं भांडं आत टाकलं. काठ बुडताना त्याला दातांच्या खुणा दिसल्या.

आणि तरीही त्याने साचा भरला. ते तो स्वतःला कधीच माफ करू शकला नाही.

लोरेनने घर पालथं घातलं. “मी आतच आणला होता रे. की आणलाच नाही?” एड म्हणाला, “सापडेल गं.” झालं, तेवढं एकदा बोलून गेल्यावर पुढे खरं बोलायची वाटच बुजली. बोलायचं सोडून भेकड माणूस कामाला लागतो, तसा तो लागला. त्या टेलस्टॉकच्या आधाराने त्याने आळीभरच्या यंत्रांचे दांडे कातून दिले. इकडे लोरेन कपाटांना चिठ्ठ्या चिकटवू लागली. डॉक्टरांनाही विचारून आली, मला विसरायचा आजार झालाय का? त्यांनी नाही म्हटलं, पण तिला ते पटलं नाही.

तीन वर्षांनी तिचं हृदय थकलं. फार तर हा उन्हाळा, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, “तिला भेटल्यावर काय सांगू रे, एड? तुझा पेला आईने हरवला?”

दुसऱ्या दिवशी एडने टेलस्टॉक काढला आणि घणाने फोडला. तुकडे वितळवले, एक गोल ठोकळा ओतला, आणि मागचा आधार नसलेल्या लेथवर तो कातायला घेतला. पातळ होत आला तसा ठोकळा थरथरू लागला. दोन फुटले, तेच पुन्हा वितळवून ओतलेला तिसरा टिकला.

लोरेनने तो पेला हातात घेतला. अंगठा काठावरून पूर्ण फिरवला, मग पुन्हा एकदा.

“दात कुठायत?”

एडने सगळं सांगितलं. शिव्या खायची, वस्तू अंगावर यायची तयारी ठेवूनच तो उभा होता.

“म्हणजे मी नाही हरवला,” लोरेन म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल पडला. “मी नाही हरवला, एड. मी नव्हता हरवला!” ती हसत होती आणि डोळे गळत होते, आणि ते पाहून एडला वाटलं, हिने मारलं असतं तर बरं झालं असतं. मग ती थांबली. “तीन वर्षं मी शोधत होते. तू बघत होतास.”

“हो.”

तिने पेला हातात तोलून पाहिला.

“त्या ठोकळ्यात तिचा पेला सगळीकडे मिसळला असेल ना? मग उरलेला कुठाय?”

“कातताना निघालेल्या किसात. खाली पडलाय.”

ती काठी टेकत गॅरेजात गेली आणि खाली बसली. एडने केरसुणी आणली, ती तिने बाजूला सारली. कॉफीचा रिकामा डबा मांडीत धरून ती चकाकती वेटोळी एकेक करून हाताने वेचू लागली. एड समोर गुडघ्यांवर बसून वेचायला लागला, तशी ती म्हणाली, “तू नको.”

मग तो नुसता बसून राहिला. शेवटी तिने वाकून त्याच्या पँटच्या दुमडीत अडकलेलं एक वेटोळं काढलं, उजेडात धरून पाहिलं, आणि डब्यात टाकलं.