उकळलेली नळी

एकाहत्तरच्या लढाईच्या आगेमागे, बाबांना ताप कुठून येतो हे शोधून काढायचा मला नादच लागला होता. काळजी घरात सगळ्यांनाच होती, पण चैन पडत नव्हतं ते मला. मी जबलपूरच्या एका लष्करी कारखान्यात गेज तपासायचो. गेज म्हणजे मापाचा नमुना. भाग त्यात बसला तर पास, नाही तर बाद. केसाच्या जाडीचा फरक पकडणाऱ्या माणसाच्या घरात ताप चोरासारखा शिरतो म्हणजे काय! माझं डोकंच फिरायचं. तसंही ते लवकर फिरतं, लपवून काय उपयोग.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची लघवी अडली, तेव्हा डॉक्टरांनी रबराची लाल नळी घातली आणि खाटेखाली बाटली ठेवली. खरा इलाज ऑपरेशनचा होता. पण डॉक्टर म्हणाले, ‘‘पहले पंद्रह दिन बुखार नहीं आना चाहिए. बुखार में काटूँगा तो बुढ़ऊ टेबल से नहीं उठेंगे.’’ एवढी साधी अट होती. पंधरा दिवस ताप यायला नको.

आठ दिवसांनी नळी बदलायची. त्यासाठी शहरातल्याच घमापुरातून एक कंपौंडर सायकलवर यायचे. बदलायची नळी घरीच उकळायची होती आणि ते काम मी कोणाला करू दिलं नाही. बायको म्हणाली, ‘‘अहो, द्या इकडे, मी उकळते.’’ म्हटलं, तू भाजी उकळ. मी घड्याळ समोर ठेवून स्टोव्हवर पातेलं चढवायचो, झाकण घालायचो, पुरी वीस मिनिटं. मग चिमट्यानं नळी काढून धुतलेल्या पिवळ्या फडक्यानं लख्ख पुसायची आणि त्याच फडक्यात गुंडाळून ठेवायची. कंपौंडर आले की हातात द्यायची, एकदम तयार. कारखान्यात आमचं गेज कपाटात जातं तसं.

नळी बदलली की दुसऱ्या दिवशी ताप. असली हुडहुडी, की खाट हलायची. तीन रजया घातल्या तरी बाबांचे दात वाजत राहायचे.

पहिल्या वेळी मी पाण्याला दोष दिला. दुसऱ्या वेळी माश्यांना, कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशीच भाजीबाजार. तिसऱ्या वेळी कंपौंडरलाच धरलं. ‘‘हाथ धोते हो कि सायकिल की चेन पकड़ के सीधे आ जाते हो?’’ ते माझ्यापेक्षा वयानं मोठे. खाली मान घालून म्हणाले, ‘‘बाबूजी, साबुन तो आपके ही घर का है.’’ मी म्हटलं, जाओ, दूसरा देख लेंगे. ते गेले. बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि आत निघून गेली.

तिसऱ्या तापात डॉक्टरांनी येऊन काढलेली नळी कडक झाली होती, टाकूनच द्यायची होती. मी ती न टाकता ब्लेडनं उभी चिरली. आतून काय असेल हे बघायची खाजच होती मला. बाहेरून गुळगुळीत, आणि आतून बुळबुळीत थर! बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या तळाशी बोट फिरवावं तसा. किळस आली, पण खरं सांगतो, त्याहून जास्त मजा वाटली. हे काय प्रकरण आहे? आलं कुठून? आपण तर उकळून घातली होती!

दुसऱ्या दिवशी तो तुकडा कागदात बांधून कारखान्यात नेला. लढाईमुळे बारा बारा तासांची पाळी चालली होती, रजेचं नाव काढायची सोय नव्हती. जेवणाच्या सुट्टीत टूलरूमच्या मायक्रोस्कोपखाली तो ठेवला. त्यात आम्ही स्क्रूचे आटे बघायचो. जंतू काही त्यात दिसणार नव्हते, तेवढी अक्कल मला होती. पण थर दिसला, आणि टोकाजवळच्या भोकात, त्या थरात रुतलेला, एक बारीक धागा.

धागा पिवळा होता.

मी डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पिवळाच. मायक्रोस्कोपशेजारी माझं फडकं पडलं होतं, कारखान्यातून मिळणारं. तसलंच एक घरी नेलेलं. साबणानं धुवायचं, अंगणातल्या दोरीवर वाळवायचं, खिडकीतल्या खिळ्याला अडकवायचं. गेज ओलं ठेवलं तर गंजतं, म्हणून पुसल्याशिवाय वस्तू खाली ठेवायची नाही, हे माझ्या हाडात शिरलं होतं. अरे गाढवा, रबराला गंज चढतो का? वीस मिनिटं उकळून जे मारलं, ते मीच पुसून परत बसवत होतो. तो भाग मी बाद केला नव्हता, तीनदा पास केला होता.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, जंतू एकदा नळीला चिकटले की वस्ती करतात, त्या थरात दवासुद्धा नीट पोचत नाही. म्हणून त्यांना आत जाऊच द्यायचं नाही. आता म्हणे नळ्यांवर चांदीचा लेप देतात. तेव्हा आमच्याजवळ पातेलं आणि चिमटा होता.

मग घमापुरात कंपौंडरच्या दारात जाऊन हात जोडले. त्यांनी चहा पाजला आणि सायकल काढली. या वेळी पातेल्यावरचं झाकण त्यांनीच काढलं आणि उकळलेल्या चिमट्यानं नळी ओलीच उचलून घातली. मी हात मागे बांधून उभा होतो. ताप आला नाही. पुढची नळी बदलल्यावरही नाही. डॉक्टरांनी तारीख दिली, ऑपरेशन नीट झालं, आणि बाबा पुष्कळ वर्षं जगले.

पण दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. बाबांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. फडकं, धागा, तीन ताप. म्हटलं, बाबा, मीच तुम्हाला मारून राहिलो होतो. लाजेनं मान वर होत नव्हती.

बाबा म्हणाले, ‘‘फडक्याचं सुनेनं सांगितलं होतं मला. दुसऱ्या तापालाच.’’

‘‘मग काहून नाही बोलले?’’

‘‘ती तर बोलायलाच निघाली होती. मीच थांबवलं. म्हटलं, पक्कं कुठे माहीत आहे आपल्याला? अन् तो बारा बारा तास उभा राहून येतो. चूक दाखवली की चिडतो, ताट सरकवून देतो. उपाशी जाईल पोरगा कामावर.’’