काळ्या बोटांचा कारकून

चाळिशी उलटल्यावर मी बाहेरून एमएला बसले. अभ्यासाला एक इंग्रजी कादंबरी होती. तळेगाव ढमढेऱ्यात आमची शेवंती असते. दुपारी फुलं निवडून क्रेटमध्ये भरायची, हे काम माझं आणि आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. हात चालू असताना मी कादंबरीतली गोष्ट मोठ्यानं सांगायची, लक्षात राहावी म्हणून. चार दिवसांत आबाच विचारायला लागले, "त्या कारकुनाचं पुढं काय झालं?"

कादंबरीतल्या शहरात छापायचं प्रत्येक पान आधी सरकारी कचेरीत जायचं. तिथला म्हातारा कारकून नको त्या ओळींवर शाई फिरवायचा. कितीही धुतली तरी त्याची बोटं काळीच. त्याच्या शेजारची बाई तुरुंगातल्या नवऱ्याला पत्रं लिहायची, ती पत्रंही याच्याच टेबलावर यायची.

"गाईडात लिहिलंय, काळी बोटं म्हणजे त्याचा अपराध, आणि ती बाई म्हणजे स्वातंत्र्य," मी सांगितलं.

"बाई म्हंजी बाईच की," आबा म्हणाले. "नवरा आत हाय तिचा. आन् कारकून वाईट न्हाई. त्याला वाटत आसंल, आपण भलंच करतोय."

हातातलं फूल त्यांनी क्रेटमध्ये ठेवलं. मग म्हणाले, "म्या बी एक पान खोडलंय."

ते शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष असताना स्मरणिका निघाली होती. शाळेतल्या एका बाईंनी सातवीनंतर घरी बसवलेल्या मुलींवर लेख दिला. नावं नव्हती, पण वाचणाऱ्याला घरं कळली असती. त्यातलं एक आबांच्या भावाचं. आबांनी अर्धा लेख कापायला लावला.

"बाई काय म्हणाल्या?"

"पदर सावरला आन् वर्गावर गेल्या."

परीक्षेला आबा माझ्याबरोबर शिरूरला आले. त्या बाई रिटायर होऊन तिथंच राहतात, हे त्यांनी एसटीत सांगितलं. मी पेपरला बसले, आबा बाईंचं घर शोधत गेले. प्रतीकांच्या प्रश्नाला मी आधी गाईडातलं लिहिलं. मग माझं लिहिलं: कारकुनाला आपलं चुकतंय असं वाटतच नाही, म्हणून त्याची जास्त भीती वाटते. आणि शेजारीण कशाचंही प्रतीक नाही, तिला फक्त पत्राचं उत्तर हवंय.

पेपर सुटला तेव्हा आबा गेटपाशी उभे होते, चेहरा अगदी मोकळा.

"भेटल्या?"

"व्हय. माफी मागाया तोंड उघडलं तर म्हणल्या, आधी चहा घ्या. मग हसाया लागल्या. म्या कापलेलं त्यांनी एका साप्ताहिकाला धाडलं हुतं, पुढच्याच महिन्यात छापून आलं. आपल्या गावात कुणी वाचलंच न्हाई!"

"म्हणजे तुम्ही उगाच झुरलात."

"उगाच कसं? माफी मागायची ऱ्हायलीच हुती की."

स्टँडवर आम्ही मिसळ खाल्ली. आबांनी दोनदा तर्री मागवली.

त्या पेपरात मला चांगले मार्क पडले. संक्रांतीला बाई आमच्याकडे आल्या, तेव्हा आबांनी पुतणीला बोलावून घेतलं. लेखातली ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. दोघी ओट्यावर दिवस मावळेपर्यंत बोलत बसल्या. आबा आत-बाहेर करत होते, पण मध्ये एकदाही बोलले नाहीत.