दांडीखालचा रुपचंद

रुपचंद पहिल्यांदा दांडीखालून गेला तेव्हा तेरा वर्षांचा होता, असं त्याची आई भिकुबाई सांगायची. तोही अंदाजच. भडगावजवळच्या त्यांच्या खेड्यात पोरांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे. कुणी प्लेगच्या साली झालेला, तर कुणी गिरणेला मोठा पूर आला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात.

म्हणूनच जळगाव-धुळ्याच्या शाळांनी दांडी ठरवली होती. दरवर्षी शिमग्याच्या आधी धुळ्याला, पांझरा नदीच्या वाळवंटात शाळाशाळांच्या संघांची शर्यत होई. संघात चार पोरं. पहिल्याने पळत जाऊन दुसऱ्याच्या हातात रुमाल द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, तिसऱ्याने चौथ्याच्या. लहान गटात मोठी पोरं घुसू नयेत म्हणून दोन बांबूंवर आडवी दांडी बांधत आणि तिला घंटी अडकवत. ताठ मानेने खालून जायचं. डोकं लागून घंटी वाजली की तो पोरगा बाद. वय खोटं सांगता येतं, उंची कशी सांगणार? सगळ्यांना हा नियम पटला होता.

रुपचंद जळगावच्या एका शाळेच्या वसतिगृहात राहत होता. बोलायला बुजरा. वर्गात त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. पण त्या वर्षी चौथ्या जागेवर तो असा पळाला की त्यांचा संघ पहिला आला. कवायतीचे लीलाधर मास्तर त्याला खांद्यावर घेऊन नाचले. वसतिगृहातली सगळी पोरं त्याला नावाने हाक मारू लागली.

दुसऱ्या वर्षी त्याचा जिवलग धनसिंग दांडीखालून जाताना घंटी वाजली. धनसिंग आधी हसला. मग छकड्याआड जाऊन रडला. त्यानंतर त्याचं शाळेतलं मनच उडालं आणि उन्हाळ्यात घरी गेला तो परत आलाच नाही. रुपचंदने त्या घंटीची धास्ती घेतली.

त्या सुट्टीत एका टळटळीत दुपारी तो गिरणेच्या डोहावर गेला. तिथे साती आसरांचे, पाण्यातल्या त्या सात बायांचे, शेंदूर लावलेले सात दगड आहेत. दुपारच्या वेळी तिकडे गुरंसुद्धा कुणी नेत नाही. घरी आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तठे काय मांगं तू?" भिकुबाईने विचारलं.

"काही नही माय. म्हटलं, माले वाढनं नही."

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "तठे बोलू नही, पोऱ्या. तठे आयकतस."

त्यानंतर रुपचंद वाढला नाही.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग त्याचा आवाज फुटला. खांदे भरले. ओठांवर मिसरूड आलं आणि तो वसतिगृहाच्या मोरीत गुपचूप वस्तरा फिरवू लागला. उंची मात्र होती तेवढीच. दरवर्षी तो दांडीखालून ताठ मानेने जाई आणि त्याच्या केसांत नि दांडीत तेवढंच अंतर राही. लीलाधर मास्तर खूश होते. संघ दरवर्षी जिंकत होता.

पण शर्यत संपल्यावर पोरं वाळूत उमटलेली पावलं बघत हिंडत. बाकीच्यांची पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल उमटलेली असत. रुपचंदची अर्ध्या वाटेपर्यंतच दिसत. पुढे वाळू नुसती सपाट, आणि भर उन्हात हाताला गार.

"वाऱ्याने बुजली असतील," मास्तर म्हणायचे.

वारा नसायचा.

गावी आल्यावर भिकुबाई त्याच्या पायांना तेल चोळायची. तिला वाटायचं, पोराच्या हाडांत काहीतरी दाटून बसलंय, बाहेर यायला वाट शोधतंय. तिने आसरांना खणानारळ वाहिले, बाहेरचं पाहणाऱ्याला दाखवलं. काही उपयोग झाला नाही. गल्लीतल्या बाया आपली लहान पोरं त्याच्याजवळ खेळू देईनात.

सहाव्या वर्षी धुळ्याच्या एका शाळेचे शालिग्राम गुरुजी उठून उभे राहिले. दांडीची तपासणी नुकतीच संपली होती.

"हा मुलगा दाढी करून येतो," ते म्हणाले. "माझ्या पोरांना अजून मिसरूड फुटलेलं नाही. ही बरोबरीची शर्यत आहे का?"

"घंटी वाजली का?" लीलाधर मास्तरांनी विचारलं. "नाही ना? मग बुटक्याने पळूच नये असा नियम करायचा का, गुरुजी? देवाने ठेंगणं केलं हा त्याचा गुन्हा?"

शालिग्राम गुरुजी रुपचंदकडे वळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बुटका असता तर मी बोललो नसतो. बुटका माणूसही वर्षावर्षाला बदलतो. हा बदलत नाही. मला त्याची भीती वाटते."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. नियमात भीतीचं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी रुपचंदला पळायची परवानगी दिली.

चौथ्या जागेवर रुपचंदच्या शेजारी शालिग्राम गुरुजींच्या संघाचा कुवरसिंग उभा होता. साक्रीच्या डोंगराकडचा पोरगा, शाळेत येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. गुडघे बाभळीच्या काट्यांनी ओरबाडलेले. ऊन डोक्यावर आलं होतं. कुवरसिंगने मान वळवून रुपचंदला नीट पाहून घेतलं.

"दादा, तू दरसाल येस का?"

"हो."

"पुढल्या सालीबी येशी?"

रुपचंद टाचेने वाळू उकरू लागला.

"मंग आम्ही कवय मोठं व्हवानं?" कुवरसिंगने विचारलं. त्यात तक्रार नव्हती. पाऊस कधी येईल असं विचारावं, तसं त्याने विचारलं.

रुपचंदला आपल्या हातांवरचे केस दिसले. शेजारच्या पोराचे हात दिसले. पंच शिट्टी तोंडाला लावणार एवढ्यात तो रांगेतून निघाला, वाळू तुडवत दांडीपाशी गेला आणि हात वर करून त्याने घंटी वाजवली.

लीलाधर मास्तर धावत आले. "अरे, हात लावलास तू! मी डोळ्यांनी पाहिलं!"

"डोकं लागलं, मास्तर."

"खोटं बोलतोस!"

"लागलं, मास्तर," तो पुन्हा म्हणाला. "मी बाद."

मास्तर पुढे त्याच्याशी कधी बोलले नाहीत. तिघांचा संघ पळू शकत नव्हता. त्या वर्षी कुवरसिंगच्या शाळेने शर्यत जिंकली.

रुपचंद घरी आला आणि तापाने आडवा झाला. दुपारी सारी गल्ली चिडीचूप झाली की भिकुबाईला त्याच्या अंथरुणातून आवाज यायचा, गाडीचं जू कण्हावं तसा. आठवड्याने त्याचे पाय बाजेबाहेर आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गल्लीतल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, तेव्हा तो उठून दारात आला आणि गाणी थांबली. चौकटीत त्याला वाकावं लागत होतं. पाठीवर नि मांड्यांवर कातडीला चिरा पडल्या होत्या, उन्हाळ्यात काळी जमीन तडकते तशा. भिकुबाई त्याच्याकडे वर बघत राहिली.

"तू मनाच पोऱ्या शे ना?" तिने विचारलं.

"हो, माय."

शाळेत तो परत गेला नाही. बोदवड स्टेशनच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठी उचलायच्या कामाला लागला. सुगंधाबाईशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. माणूस सरळ, शांत. फक्त पळत नसे. गाडी सुटत असली तरी नाही.

लढाईच्या दिवसांत, चव्वेचाळीस साली, तो साक्रीच्या बाजारात बैल बघायला गेला होता. तिथे एक मास्तर भेटला. बोलता बोलता त्याने आपलं नाव सांगितलं. तो कुवरसिंग होता. डोंगरातल्या पोरांना शिकवायचा.

"भडगावकडला का तुम्ही?" कुवरसिंग म्हणाला. "तिकडला रुपचंद नावाचा एक पळायचा. तुमना धाकला भाऊ शे का तो?"

"मीच रुपचंद."

कुवरसिंग हसला. मग हसायचा थांबला. त्याने मान वर करून त्याचा चेहरा निरखला.

"नाही," तो म्हणाला. "त्याला मी मागल्या महिन्यात पाहिला, होता तेवढाच. धुळ्याला, पांझरेत. भर दुपारी एकटाच पळत होता. हातात रुमाल होता. पलीकडे घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून वळून पुन्हा पळायला लागला. मी हाक मारली. त्याला ऐकू गेली नाही."

"दमलेला होता?"

"नाही. तेच तर."

रुपचंदने बैल घेतले नाहीत. परतीची मोटार कोळशाच्या गॅसवर धापा टाकत धुळ्याला आली, तिथे तो उतरला आणि पांझरेच्या वाळूत जाऊन बसला. माथ्यावरचं ऊन कलेपर्यंत बसून राहिला.

घरी आल्यावर सुगंधाबाईने उशिराचं कारण विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

"मग दिसला?" तिने विचारलं.

"कुणी नव्हतं," रुपचंद म्हणाला. "पण एवढं ऊन होतं आणि वाळू गार होती."