बाबांची चालू घड्याळं

सासऱ्यांबरोबर मी जुनी घड्याळं शोधत हिंडायला लागले ते त्यांच्या गुडघ्यामुळे. लग्न होऊन मी पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा ते अंबडच्या एका कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. सगळी नोकरी टूलरूममध्ये, हत्यारं आणि साचे बनवण्यात गेलेली. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. नवरा सकाळी लवकर कामाला जायचा आणि माझ्या शिकवण्या संध्याकाळच्या, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच. त्यांच्याशी काय बोलायचं हे मला कळायचं नाही, आणि त्यांनाही बहुधा कळत नसावं.

एका बुधवारी ते चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मला गंगेवर सोडशील का? गाडीची किक मारवत नाही आता."

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि बुधवारी गंगेवर बाजार भरतो. भाजीवाले, कांदे-बटाटेवाले, मसाल्याच्या मिरच्या, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, जमिनीवर ताडपत्री पसरून बसलेली जुन्या सामानाची माणसं. गंजलेले पाने, टीव्हीचे रिमोट, पितळी नळ, कुणाच्या तरी घरातले फुटके लामणदिवे. त्यात कुठंतरी चार-दोन मनगटी घड्याळं. बाबा त्या ताडपत्र्यांपाशी गुडघा सांभाळत बसायचे आणि घड्याळं उचलून कानाशी धरायचे.

मी पहिले काही बुधवार स्कूटीवरच बसून राहिले. मग ऊन लागतं म्हणून सावलीच्या निमित्तानं त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. एकदा त्यांनी हातातलं घड्याळ माझ्या कानाशी धरलं. आत कुणीतरी फार बारीक, फार मन लावून काम करत असल्यासारखा आवाज येत होता.

"चावीचं आहे," ते म्हणाले. "सेल नाही, काही नाही. रोज सकाळी चावी दिली की दिवसभर चालतं. याला लोक भंगार म्हणतात."

बाबांचा शौक आपल्या ऐपतीतला होता. परदेशी, सोन्याच्या मुलाम्याच्या घड्याळांकडे ते बघायचेही नाहीत. एके काळी घरोघरी असणारी, लग्नात जावयाला दिलेली, पहिल्या पगारात घेतलेली साधी देशी घड्याळंच त्यांना हवी असायची. माल जास्त जुना असला की विकणारे डायल रंगवून आणायचे. पोपटी, निळी, केशरी. बाबा भिंग लावून बघायचे आणि हळूच खाली ठेवायचे. "मेकअप केलाय," असं मला कानात सांगायचे. खरं घड्याळ मिळालं की घरी आणून, साफ करून, मागच्या झाकणावर पंच या टोकदार हत्यारानं एक बारीकसा ठिपका मारायचे. टूलरूमची सवय. हातातून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांची खूण असायची.

मराठी आकड्यांचं एक घड्याळ ते कितीतरी वर्षं शोधत होते. १, २, ३ असे देवनागरी आकडे असलेलं. ते मला मिळालं. बाजारातल्या एका बाईच्या ताडपत्रीवर, कुलपांच्या ढिगाखाली. डायल चहा सांडल्यासारखी पिवळट पडलेली, पट्टा नव्हताच. मी ते बाबांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी आधी ते कानाशी धरलं. मग त्या बाईला म्हणाले, "ही माझी सून. हिची नजर बघा."

सासरी आल्यापासून माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी मान फिरवून नदीकडे बघत राहिले.

अशी आमची बरीच वर्षं गेली. चांदवडला माझ्या माहेरी निघालो की बाबाही बरोबर यायचे आणि बाजारपेठेतल्या म्हाताऱ्या घड्याळजींच्या दुकानात जाऊन बसायचे. नांदगावला कुणाच्या लग्नाला गेलो, तर आम्ही दोघं मांडवातून गायब. नवरा हसायचा. म्हणायचा, "बाप माझा आणि मैत्री तुझी."

मग एका सकाळी बाबा सगळी घड्याळं टेबलावर मांडून बसलेले दिसले. रोज चावी द्यायची वेळ होती, पण ते चावी देत नव्हते. एकेक उचलत होते, डोळ्यांसमोर धरत होते आणि खाली ठेवत होते.

"काय झालं बाबा?"

"बिघडलीत."

"कुठलं बिघडलं?"

"सगळीच. बघ ना. एकही नीट वेळ दाखवत नाही."

मी वाकून पाहिलं. सगळी चालू होती. सगळ्यांचे काटे जवळजवळ एकच वेळ दाखवत होते. मी म्हटलं, "बाबा, सव्वानऊ झालेत. सगळ्यांत सव्वानऊच आहेत." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी थट्टा करतेय आणि ती त्यांना आवडलेली नाही. मला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. चष्मा बदलला. काही फरक पडला नाही.

त्यानंतरच्या एका बुधवारी मला ताप होता. बाबा एकटेच कुठंतरी गेले आणि जेवायच्या वेळेला परत आले. कुठं गेला होता विचारलं तर म्हणाले, "चक्कर मारून आलो." संध्याकाळी मी कपाट उघडलं. घड्याळांचा डबा रिकामा होता.

पुढच्या बुधवारी मी एकटी गंगेवर गेले. त्याच बाईच्या ताडपत्रीवर आमची घड्याळं रांगेत पडली होती. काही विकली गेली होती, बाकीची तिथंच होती. मी उचलून मागं बघितलं. प्रत्येकावर ठिपका.

"ताई, बाबा सोता घेऊन आले व्हते," ती घाबरून सांगायला लागली. "मी म्हनलं बाबा, कशाला देता, चांगली हायेत. तर म्हनले, नाय, सगळी बंद पडलीत, घरात ठेवून काय करू. लय दुखी झालते. मला वाटलं तुम्हाला ठावं आसंल."

"मराठी आकड्यांचं कुठंय?"

"ते लगीच गेलं. एक मानूस येतो, मुंबईला माल नेतो."

तिच्यावर रागवायला काही जागा नव्हती. मी उरलेली घड्याळं परत विकत घेतली. तिनं माझ्याकडून नफा घेतला नाही. एका जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून दिली. ज्या घड्याळांसाठी आम्ही उन्हातान्हात हिंडलो, तीच मी पुन्हा त्याच ताडपत्रीवरून उचलत होते, आणि या वेळी शेजारी कानाशी धरून बघणारं कुणी नव्हतं.

घरी येऊन मी ती बाबांसमोर ठेवली. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी बाबांना कोरा कागद दिला. म्हणाले, "काका, यावर घड्याळाचं चित्र काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." मी मनात म्हटलं, अहो, कुणाला सांगताय! बाबांनी गोल छान काढला. कंपासनं काढल्यासारखा. मग आकडे लिहायला लागले आणि सगळे उजव्या बाजूला एकाखाली एक दाटीनं लिहिले. डावी बाजू रिकामीच. काटे काढलेच नाहीत. पेन टेबलावर ठेवून म्हणाले, "याला चावी द्यायची राहिलीय." डॉक्टर नवऱ्याशी बोलत राहिले. यापुढे काय काय होईल, कशाला औषध आहे आणि कशाला नाही. मी त्या कागदाकडे बघत होते. नंतर तो त्यांनी फाइलमध्ये लावून टाकला.

मी तरी शोधत राहिले. मराठी आकड्यांचं घड्याळ परत आणून त्यांच्या मनगटावर बांधलं तर काहीतरी जागं होईल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. नवऱ्यानं समजावून पाहिलं. मी चांदवडच्या घड्याळजींना फोन केले, नांदगावला जाऊन आले, भद्रकालीतल्या जुन्या दुकानांतून विचारत फिरले. लोक मोबाइलवर फोटो दाखवायचे. सगळी चकचकीत, नव्यानं रंगवलेली घड्याळं. त्या बाईनंही त्या मुंबईवाल्याला सांगून ठेवलं होतं.

पुष्कळ महिन्यांनी तिनंच मला हाक मारली. "ताई, हे बघा बरं, त्या मुंबईवाल्यानं परत आनलंय, मला तुमचंच वाटतंय."

पोपटी डायल होती. त्यावर मोठे इंग्रजी आकडे, लाल सेकंदकाटा. मी उलटं करून बघितलं. झाकणावर पंचाचा बारीक ठिपका. बाबांचा ठिपका, झाकण उघडायच्या खाचेपासून थोडा डावीकडे, जसा ते नेहमी मारायचे. आतलं यंत्र तेच असेल. डायलही तीच असेल, रंगाच्या खाली कुठंतरी ते मराठी आकडे असतील. पण खरवडून ते वर येणार नव्हते. चांदवडच्या घड्याळजींना फोनवर विचारलं तर म्हणाले, "ते आधी घासून काढतात, ताई. मग रंग देतात."

मी ते घड्याळ घरी नेऊन बाबांच्या कानाशी धरलं. त्यांनी डोकं मागं घेतलं, माशी झटकावी तसं.

त्याच सुमारास त्यांनी शेजाऱ्यांना सांगायला सुरुवात केली, की सून माझी घड्याळं चोरून विकते. शेजारच्या काकू समजूतदार होत्या, तरी मला ते सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला होता. मी बाबांना विचारलं, "असं का म्हणता हो?" ते गयावया करत म्हणाले, "तिला सांगू नका मी बोललो ते. जेवायला तीच वाढते."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

शेवटचं त्यांना बाजारात मीच नेलं. नवरा नको म्हणत होता. मला वाटलं, माणसं विसरले असतील, जागा तरी आठवेल. रिक्षानं नेलं. उतरून हात धरला आणि भाजीवाल्यांमधून चालायला लागले. थोडं अंतर बरं गेलं. मग गर्दी वाढली, कुणीतरी ओरडत हातगाडी काढली, आणि बाबांनी हात झटकला.

"सोडा मला! कोण तुम्ही? कुठं नेताय?"

"बाबा, मी आहे."

"अहो, बघा हो, ही बाई मला कुठंतरी घेऊन चाललीय!"

माणसं थांबली. मेथीच्या जुड्या विकणारी एक बाई उठून उभी राहिली. एका तरुण माणसानं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, सून. त्यानं बाबांना विचारलं, "आजोबा, ही तुमची सून आहे का?" बाबांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. पूर्वी भिंगातून घड्याळ बघायचे तसं, घाई न करता. आणि म्हणाले, "नाही."

 मी पर्समध्ये आधारकार्ड शोधायला लागले, पण त्यावर माझं सासरचं नाव असलं तरी त्यातून काय सिद्ध होणार होतं. तेवढ्यात पलीकडून ती ताडपत्रीवाली बाई धावत आली. "ओ, त्यांचीच सून हाय ती! दर बुधवारी यायची दोघं. व्हा बाजूला!" तिनं बाबांच्या खांद्याला धरून त्यांना आपल्या पेटीवर बसवलं, पाणी दिलं. बाबा निमूटपणे पाणी प्यायले. समोर ताडपत्रीवर घड्याळं पडली होती. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांकडे बघत बसले.

परत येताना रिक्षात ते माझ्यापासून दूर, अगदी कडेला सरकून बसले. मध्येच रिक्षावाल्याला म्हणाले, "किती वाजले हो?" त्यानं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. मग त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पुढं प्रत्येक वेळी, न कंटाळता, सांगत राहिला.

फ्लॅटचं दार उघडल्यावर बाबांना एकदम हायसं वाटलेलं दिसलं. घर ओळखीचं वाटलं असावं. त्यांनी वळून मला हात जोडले.

"फार उपकार झाले ताई तुमचे. मी चुकलोच होतो. या, आत या. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "सूनबाई, पाहुण्या आल्यात गं. चहा टाक."

मी चपला काढल्या. आत गेले, आधण ठेवलं, आलं किसलं. बाहेर ते सोफ्यावर बसून वाट बघत होते. दोन कप घेऊन मी बाहेर आले. त्यांनी एक कप माझ्यासमोर सरकवला, "घ्या ना," म्हणाले, आणि सून अजून बाहेर का येत नाही म्हणून पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

मी समोर बसून पाहुणीसारखा चहा प्यायले.