भरती नसलेलं पाणी

कमळाआत्या मंगळवारी सकाळी सव्वासातला वारली. त्याआधी पंचवीस मिनिटं तिच्या मुलाचा, विलासचा, मला अलिबागला फोन आला होता. "दादा, आईचं काय खरं न्हाय. गंगेचा गडू फोडू का?" तिला शुद्ध होती. मी म्हटलं, तिलाच विचार. फोन बंद झाला.

आत्याचं घर श्रीवर्धन तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. बोर्ली पंचतनच्या बाजारात ती सुके बोंबील विकायची. अठरा वर्षांपूर्वी तिचा नवरा वादळात होडीवरून पडला. होडी परत आली, बरोबरचे दोघे आले, तो आला नाही. प्रेत मिळालं नाही. आत्याने कुंकू पुसलं नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. कोणी बोललं तर म्हणायची, "दर्या कुनाचं ठेवत न्हाय. भरतीला काठावर टाकतो. मना त्यानं अजून काय दिलेलं न्हाय."

गेल्या कुंभात विलासने ठरवलं, प्रयागला बापाचे पिंड घालून हे एकदाचं मिटवायचं. हिंदी बोलायला मी. आत्या निमूट तयार झाली, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं... स्टेशनपासून घाटापर्यंत चालायला चार तास लागले. गर्दीत कोपराने वाट काढत तीच पुढे होती. "मासली घेऊन एष्टीत चढते मी. ही कसली गर्दी?"

घाटावर विलासने डोकं भादरून घेतलं. गुरुजींनी मृताचं नाव विचारलं. आत्या गप्प; विलासने सांगितलं. पिंड घेऊन आम्ही गुरुजींसह नावेतून संगमावर गेलो. आत्याने पाण्यात हात घालून ओढ पाहिली, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि मला म्हणाली, "त्याला इचार, हितं भरती कवा लागते?"

मी विचारलं. नावाडी हसला. इथे भरती नाही माताजी, पाणी एकाच बाजूला जातं.

"म्हंजे गेलेलं परत येत न्हाय?"

"नाही, आत्या."

तिने विलासच्या हातातले पिंड काढून पदरात घेतले. "मंग हितं नको."

गुरुजी रागावले. तिने माझ्यामार्फत त्यांना एकच विचारलं: जित्या माणसाच्या नावानं बुडी मारता येते का? येते, ते म्हणाले. ज्याला येणं जमलं नाही, त्याच्यासाठी मारतात. आत्याने दोन बुड्या मारल्या. एक स्वतःची. नवऱ्याचं नाव ती कधीच घेत नसे; दुसऱ्या बुडीला पाण्याखाली घेतलं असेल, तर ते मला ऐकू आलेलं नाही. पिंड तिने काठावरच्या गाईला घातले.

परतताना विलास डोक्यावरून हात फिरवत कुरकुरला, "माझं केस फुकट गेलं."

"येतील. केसाला भरती हाय."

तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गडू तिने घाटावरच घेतला. शेवटच्या घटकेला त्यातलं पाणी तोंडात घालतात. घरी तो देव्हाऱ्यात न ठेवता समुद्राकडच्या खिडकीत ठेवला. "ह्यो त्यांचा," एवढंच विलासला सांगितलं.

त्या मंगळवारी विलासने विचारलं तेव्हा तिने मान हलवून नको म्हटलं. त्याने माठातलं पाणी चमच्याने पाजलं. शेजारच्या बायकांनी थोडा वेळ आपसांत बोलून तिला हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली.

तेराव्याला मी पुन्हा गेलो. गडू खिडकीत होता. त्याची झाळ शाबूत होती.